गरिबाची अब्रू

मराठीतला 'पत' हा शब्द मोठा दुहेरी आहे. सावकार विचारतो, "याची बाजारात पत किती?" तेव्हा त्याला उधारीचे माप हवे असते, आणि गावातली वडीलधारी माणसे "त्या घराची पत गेली" असे म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात अब्रूची हानी असते. हे दोन अर्थ एकाच शब्दात इतक्या सुखाने नांदत आले आहेत, की प्रसंगी ते एकमेकांचे वैरी होऊ शकतात हे आपल्या ध्यानातच येत नाही. आम्ही व्यवसायाने वकील. वसुलीचे दावे, वचनचिठ्ठ्या, गहाणखते, दरखास्ती आणि जप्तीचे हुकूम यांच्या सहवासात आमची वीसएक वर्षे गेली. तथापि या दोन अर्थांमधला कलह आम्हांस स्वच्छ दिसला तो कोणत्याही निकालपत्रात नव्हे, तर उत्तर अटलांटिकमधील एका चिमुकल्या देशात लिहिल्या गेलेल्या कादंबरीत. त्या कादंबरीविषयी आणि तिच्या लेखकाविषयी वाचकांशी चार गोष्टी बोलाव्यात, असे मनात आहे.

स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलंड यांच्या मधल्या समुद्रात फेरो नावाची अठरा बेटे आहेत. सारी मिळून क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि आजची लोकसंख्या सुमारे ५४ हजार. उंच कडे, अखंड वारा, झाडांचा जवळजवळ अभाव, छपरांवर गवत वाढलेली लाकडी घरे आणि माणसांपेक्षा अधिक मेंढ्या, असा हा प्रदेश. बेटे डेन्मार्कच्या राजसत्तेखाली आहेत. १९४८ सालापासून त्यांना अंतर्गत स्वराज्य मिळाले आहे. या बेटांपैकी सान्दोय नावाच्या बेटावर, स्कालाविक या खेड्यात, १७ ऑगस्ट १९०१ रोजी हान्स याकोब याकोबसेन याचा जन्म झाला. साहित्यात तो 'हेदिन ब्रू' या टोपणनावाने ओळखला जातो.

या नावातील 'द' आम्ही येथे लिहिला खरा. परंतु फेरोकर तो उच्चारीत नाहीत. १८४६ साली हामर्सहाइम्ब या विद्वान धर्मोपदेशकाने फेरोइज भाषेची लेखनपद्धती बसविली, तेव्हा प्राचीन नॉर्स भाषेतील एक अक्षर, त्याचा उच्चार केव्हाच लोपलेला असूनही, केवळ कुळाची खूण म्हणून त्याने जागच्या जागी राहू दिले. ज्यांनी १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वी छापलेली मराठी पुस्तके वाचली आहेत, त्यांना आपल्या अनुच्चारित अनुस्वारांची आठवण येथे झाल्यावाचून राहणार नाही. आपण ते अनुस्वार सोडून दिले. फेरोकरांनी आपले मुके अक्षर अद्याप जपले आहे. कोणी शहाणपणा केला याचा निवाडा करण्याचे येथे प्रयोजन नाही. ज्या भाषेजवळ छापील ग्रंथ जवळजवळ नव्हतेच, तिला आपले कूळ सिद्ध करण्यासाठी असा एखादा जुना दस्तऐवज जवळ बाळगावासा वाटला, एवढे मात्र आम्हां वकिलांना चटकन समजते.

कारण फेरोइज भाषेचा दावा तेव्हा खरोखरच कमकुवत मानला जात होता. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर चर्चमध्ये, शाळेत आणि कचेरीत डॅनिश भाषा आली. फेरोइज उरली ती चुलीपाशी, होडीत आणि मेंढ्यांच्या कुरणात. तिचे सारे वैभव होते ते मौखिक. लांबच लांब पोवाड्यांसारखी कथागीते म्हणत, एकमेकांचे हात धरून, साखळी करून लोक रात्र रात्र नाचत. त्या नाचाच्या पावलांवर ही भाषा शतकानुशतके तगली. परंतु लिहायचे, अर्ज करायचा, प्रार्थना करायची, तर डॅनिशमध्ये. ही 'भाषा' नव्हेच, एक गावंढळ बोली आहे, असे म्हणणारे तेथेही पुष्कळ होते. या नियतकालिकाच्या वाचकांस हा वाद नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. तो त्यांनी आपल्या अंगणात ऐकलेला आहे. फेरोइजमधली पहिली कादंबरी १९०९ साली निघाली. शाळांतून फेरोइजला डॅनिशच्या बरोबरीचे स्थान मिळायला १९३८ साल उजाडावे लागले, आणि बेटांची मुख्य भाषा म्हणून तिला कायद्याने मान्यता मिळाली ती १९४८ च्या स्वराज्य कायद्यात. म्हणजे ज्या मुलाने पुढे या भाषेतील सर्वांत प्रिय कादंबरी लिहिली, तो शाळेत गेला तेव्हा वर्गात अधिकार डॅनिशचा होता.

वीस महिन्यांच्या अंतरात या बेटांवर तीन मोठे कादंबरीकार जन्मले, ही गोष्टच नवलाची. विल्यम हाइनेसेन आणि योर्गेन-फ्रान्स याकोबसेन हे दोघे १९०० साली राजधानी टोर्सहाव्न येथे जन्मले, आणि दोघांनी डॅनिशमध्ये लिहिले. तिसरा हेदिन ब्रू. तो खेड्यातला, आणि त्याने लिहिले फेरोइजमध्ये. डॅनिशमध्ये लिहिणाऱ्याला कोपनहेगनचे प्रकाशक आणि लक्षावधी वाचक मिळत. फेरोइजमध्ये लिहिणाऱ्याला आपले सारे संभाव्य वाचक मोजून दाखविता आले असते. तरीही त्याने ती वाट धरली. त्याबद्दल कोठे फार मोठा आव त्याने आणल्याचे दिसत नाही. ज्या माणसांविषयी लिहायचे ती ज्या भाषेत कुरकुरतात, शिव्या देतात आणि देवाचे नाव घेतात, तीच भाषा कागदावर उतरवायची, इतकी ही साधी गोष्ट होती.

त्याचे आयुष्यही तसे साधेच. कोवळ्या वयात तो मासेमारीच्या गलबतांवर गेला. पुढे डेन्मार्कमध्ये शेतीशास्त्राचे शिक्षण घेऊन तो परतला आणि सरकारी शेतीसल्लागार झाला. बेटाबेटांवर, खेड्याखेड्यांतून हिंडून जमीन कशी सुधारावी, कसे पेरावे, गुरे कशी पाळावीत हे लोकांना सांगणे हा त्याचा व्यवसाय होता. १९३० साली त्याची 'लोग्नब्रा' ही पहिली कादंबरी निघाली. नावाचा अर्थ मृगजळ. १९३५ साली तिचा उत्तरार्ध आला. होग्नि नावाच्या एका मुलाचे खेड्यातले बालपण आणि मग गलबतांवरचे तारुण्य या दोन पुस्तकांत आहे. आणि १९४० साली, म्हणजे ज्या वर्षी जर्मनीने डेन्मार्क घेतला आणि पाठोपाठ ब्रिटिश सैन्य फेरो बेटांवर उतरले त्या वर्षी, त्याची तिसरी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचे नाव मराठीत सांगायचे तर 'बापलेक वाटेवर'. जॉन एफ. वेस्ट यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९७० साली निघाले. आम्ही ती वाचली ती त्या भाषांतरात. डॅनिश भाषांतराला मात्र निराळेच नाव दिले गेले. त्याचा अर्थ होतो 'गरिबाची अब्रू', आणि आमच्या या लेखाचे शीर्षक तेथूनच उचललेले आहे.

कथा सांगायला फारशी अवघड नाही. केटिल नावाचा सत्तर वर्षांचा म्हातारा, त्याची बायको, आणि घरात उरलेला धाकटा मुलगा काल्वुर. थोरली मुले लग्ने करून वेगळी झाली आहेत. एके दिवशी देवमाशांचा कळप दिसल्याची हाळी उठते, आणि बापलेक सेरवागुरच्या खाडीकडे धाव घेतात. पायलट जातीच्या देवमाशांचे कळप होड्यांनी उथळ किनाऱ्याकडे हाकीत आणून मारायचे, ही तेथली फार जुनी रीत. आज त्या रीतीवर जगभर टीका होते, आणि त्या मांसातील पाऱ्यामुळे ते खाऊ नये असा सल्ला बेटांवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनीही २००८ साली दिला. आमच्या कित्येक वाचकांना ते वर्णन वाचवणार नाही. परंतु केटिलच्या काळी तो हिवाळ्याच्या अन्नाचा प्रश्न होता, हे ध्यानात ठेवून पुढे गेले पाहिजे. शिकार संपल्यावर वाटणी होते आणि लिलावही होतो. लिलावात म्हाताऱ्याला चेव चढतो. तो बोलीवर बोली चढवितो, आणि त्याच्या कुवतीबाहेरचे मांस त्याच्या नावावर पडते. रोख काही द्यावे लागत नाही. बिल मागाहून येणार असते. त्या बिलाची वाट पाहणे आणि ते फेडण्यासाठी म्हातारा-म्हातारीने व काल्वुरने केलेली धडपड, हीच साऱ्या कादंबरीची गोष्ट.

ज्याला आपण कथानक म्हणतो ते इतकेच. खून नाही, प्रेमाचा त्रिकोण नाही, कोर्टाचा देखावा नाही. एका न आलेल्या बिलाची छाया एका घरावर पडली आहे, आणि तिच्यात राहून माणसे लोकर पिंजतात, मासळीला जातात, समुद्र आणि डोंगर जे देतील ते गोळा करतात, भांडतात, हसवितात. आम्ही ही कादंबरी वाचीत असता पुष्कळ वेळा हसलो. मग हसू ओसरल्यावर लक्षात आले, की हा म्हातारा ज्या गोष्टीने एवढा हादरला आहे, ती गोष्ट आमच्या कचेरीत दररोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहापर्यंत टेबलावर पडलेली असते.

केटिलला एवढे भय कशाचे वाटते? तेथला कायदा त्याच्या मानेवर सुरी ठेवून उभा नाही. त्याला भय आहे ते देणेकरी होण्याचे. ज्या जगात तो वाढला, त्यात देणे-घेणे फार होते, पण ते पैशाचे नव्हते. फेरो बेटांचा सर्वांत जुना दस्तऐवज १२९८ सालचा आहे. त्याला 'मेंढीपत्र' म्हणतात. कोणी किती मेंढ्या ठेवाव्यात, दुसऱ्याच्या कुरणात मेंढ्या शिरल्या तर काय, किनाऱ्याला लागलेल्या देवमाशावर हक्क कोणाचा, अशा गोष्टींचे ते नियम आहेत. देवमाशांच्या शिकारीचेही नियम १८३२ साली लेखी झाले. आमच्याकडच्या मामलेदारासारखा एक अधिकारी किनाऱ्यावर उभा राहतो, प्रत्येक माशाचे माप घेतले जाते, आणि होडीवाले व गावकरी यांच्यात ठरल्याप्रमाणे वाटणी होते. या व्यवस्थेत माणूस गरीब असू शकतो, पण त्याचा वाटा त्याचा असतो. त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही, आणि वहीत कोणी त्याचे नाव लिहून ठेवीत नाही.

दुसरीकडे, १८५६ पर्यंत बेटांवर राजसत्तेच्या व्यापाराची मक्तेदारी होती. ती उठली, खाजगी व्यापारी आले. १८७२ पासून इंग्लंडमधली जुनी शिडाची गलबते विकत घेऊन फेरोकर खोल समुद्रात जाऊ लागले. शेतकऱ्याचा मच्छीमार झाला. आणि गलबताबरोबर आली ती दुकानदाराची वही. मुलगा आइसलंडच्या समुद्रावर गेला आहे, हंगाम संपला की त्याचा हिशेब होईल, तोवर त्याच्या बायकोने दुकानातून पीठ, कॉफी, कापड उचलायचे. केटिलची थोरली मुले या जगातली. त्यांना उधारीची लाज वाटत नाही, कारण त्यांचे सारे जगणेच त्या उधारीवर उभे आहे. बापाला वाटते, मुले उघड्या कड्यावर नाचत आहेत. मुलांना वाटते, म्हातारा एका क्षुल्लक बिलासाठी जीव टाकतो आहे. दोन पिढ्यांत 'पत' या शब्दाचा अर्थ बदलला आहे. बापाच्या लेखी ज्याचे कोणाला काही देणे नाही तो पतवान. मुलांच्या लेखी ज्याला दुकानदार आणखी उधार देतो तो पतवान.

आमच्या व्यवसायाची खोड अशी, की कादंबरी वाचतानाही मनातल्या मनात मुद्दे काढले जातात. केटिल आमचा अशील असता तर? आपल्या जुन्या धर्मशास्त्राने बापाचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य मानले. न फेडता मेलेला ऋणको सावकाराच्या घरी दास किंवा पशू होऊन जन्मतो, असा धाकही घातला. मात्र त्याच शास्त्राने एक अपवाद ठेवला. बापाने दारूपायी, जुगारापायी किंवा बाहेरख्यालीपणापायी केलेले कर्ज 'अव्यावहारिक'. ते मुलावर बंधनकारक नाही. लिलावात चेव येऊन केटिलने केलेले कर्ज कोणत्या सदरात घालावे? काल्वुरच्या वतीने कैफियत लिहायची तर आम्ही ते जुगाराच्या जवळ नेऊन ठेवले असते. पण समोरच्या वकिलाने म्हटले असते, की घेतलेली वस्तू अन्न आहे, आणि ती घरातल्या सर्वांनी खाल्ली आहे. त्याला उत्तर देणे कठीण गेले असते. हा प्रश्न आता केवळ करमणुकीपुरता उरला आहे. हिंदू वारसा कायद्यात झालेली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी अमलात आली. त्यानंतरच्या पितृऋणासाठी केवळ धर्मकर्तव्याच्या आधारावर मुलाविरुद्ध चालण्याचा अधिकार कोणतेही न्यायालय मान्य करीत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम शेतकऱ्याची अवजारे आणि उपजीविकेस अवश्य अशी गुरे व बियाणे जप्तीपासून वाचविते. १९६३ चा मुदतीचा कायदा उसनवारीच्या दाव्याला सामान्यतः तीन वर्षांची मुदत घालून देतो. कायदा इतका निर्दय नाही, जितका तो बाहेरून दिसतो. त्याने पुष्कळ ठिकाणी माणसाला श्वास घ्यायला जागा ठेवली आहे.

परंतु केटिलसारखी माणसे त्या जागेत शिरतच नाहीत. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातून एक वयस्क शेतकरी आले. त्यांच्या दिवंगत वडिलांनी गावातल्याच एका घरातून रक्कम घेतली होती. त्या घरच्या मुलाने आता वकिलामार्फत नोटीस धाडली होती. कागदपत्रे पाहिल्यावर शंकेला जागाच उरली नाही. येणे केव्हाच मुदतबाह्य झाले होते, आणि मधल्या काळात कोणी लेखी कबुली दिलेली नव्हती. आम्ही तसे सांगितले. उत्तर कसे द्यायचे तेही सांगितले. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, मुदत कोर्टाची संपली म्हणताय, ते खरं असंल. पण त्यांचं घर काय हाललं न्हाई. रोज त्याच दारावरनं शेताकडं जायला लागतंय." मग नोटिशीच्या उत्तराऐवजी पैसे मिळाल्याची पावती कशी लिहून घ्यायची, एवढेच त्यांनी विचारले. ती आम्ही लिहून दिली.

मुदतीच्या कायद्याचे एक तत्त्व प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो: मुदत संपली की दावा करण्याचा उपाय संपतो, ऋण संपत नाही. म्हणूनच मुदतबाह्य देणे कोणी आपखुशीने फेडले तर ते परत मागता येत नाही. आणि तसे देणे फेडण्याचे लेखी, सहीनिशी वचन १८७२ चा करार कायदाही बंधनकारक मानतो. परीक्षेसाठी पाठ केलेले हे वाक्य जिवंत माणसाच्या तोंडून, आपल्याच बोलीत, दाराच्या आणि शेताच्या भाषेत ऐकायला मिळाले तेव्हा त्याचा खरा अर्थ कळला. कायदा मुदतीपाशी थांबतो, कारण त्याला थांबावेच लागते. साक्षीदार मरतात, कागद कुजतात, आणि माणसांना केव्हातरी निर्धास्त झोप लागली पाहिजे. पुढची वाट माणसाने आपल्या जबाबदारीवर चालायची असते. केटिल त्या वाटेवरचा प्रवासी आहे.

येथे थांबलो असतो तर हा लेख जुन्या पिढीच्या सचोटीचे एक गोड स्तोत्र झाला असता. परंतु वकिलाला दुसरी बाजू मांडल्याशिवाय चैन पडत नाही, आणि या विषयात दुसरी बाजू फार भयंकर आहे. हीच अब्रू, हेच देणेकरी म्हणून जगण्याचे भय, विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर कर्नाटकातल्या किती शेतकऱ्यांना गळफासापर्यंत घेऊन गेले आहे, हे वर्तमानपत्र उघडणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. त्यांपैकी कित्येकांच्या डोक्यावरचे कर्ज एखाद्या कारखानदाराच्या थकबाकीपुढे धुळीच्या कणाएवढे असते. कारखानदाराची पत थकबाकीने जात नाही, शेतकऱ्याची जाते. वसुलीला आलेल्या माणसाने चारचौघांत काढलेले उद्गार ज्याला सहन झाले नाहीत, त्याला केटिलचा आदर्श कोणत्या तोंडाने सांगायचा? त्याला सांगायला हवे ते मुदतीच्या कायद्याविषयी, साठाव्या कलमाविषयी, आणि हे की देणे न फिटणे हा अपराध नव्हे. अब्रू ही माणसाला ताठ उभे करते, तशीच ती त्याला मोडूनही टाकते. कोणत्या क्षणी ती काय करील, हे आधी ओळखण्याचे शास्त्र आमच्या कायद्याजवळ नाही.

हेदिन ब्रूचा मोठेपणा आम्हांस वाटतो तो याच जागी. तो केटिलला संत बनवीत नाही. म्हातारा हट्टी आहे, लिलावात मूर्खपणा करतो, आणि त्याची फजिती लेखक मनसोक्त दाखवितो. थोरल्या मुलांचा आणि सुनांचा तोराही तो तितक्याच मिस्किलपणे टिपतो. पण त्यांना दुष्ट ठरवीत नाही. तसे ठरविणे त्याला शक्यही नव्हते. कारण पेशाने तो स्वतः नव्या जगाचा दूत होता. शेतीसल्लागार म्हणून ज्या खेड्यांत तो जात होता, तेथल्या केटिलांना 'असे करू नका, आता तसे करा' हे सांगण्यासाठीच त्याला पगार मिळत होता. जुने जग मोडणे हे त्याचे दिवसाचे काम. आणि रात्री त्याच जगाची बोलण्याची ढब, त्याचे विनोद, त्याची चिडचीड आणि त्याचा अभिमान तो त्याच जगाच्या भाषेत लिहून ठेवीत होता. त्यात रडगाणे नाही, आणि अपराधीपणाचा उमाळाही नाही. नवे येणारच होते आणि त्यातले पुष्कळसे चांगलेही होते, हे त्याला ठाऊक होते. पण जे जाते आहे त्याचा हिशेब कोणीतरी नीट लिहून ठेवला पाहिजे, अशी त्याची धारणा असावी.

पतीचा आणखी एक हिशेब त्याने आयुष्यभर चालविला, तो भाषेचा. ज्या भाषेला लोक बोली म्हणतात, तिची पत बाजारात शून्य असते. तिच्यात काय लिहिता येणार, असा प्रश्न हसत हसत विचारला जातो. हेदिन ब्रूने या प्रश्नावर भाषणे झोडण्यापेक्षा शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' आणि 'टेम्पेस्ट' फेरोइजमध्ये आणले, दोस्तोयेव्हस्कीची 'कारामाझोव्ह बंधू' ही अवाढव्य कादंबरी आणली, आणि बेटांवरच्या लोककथांचे सहा खंड सिद्ध केले. कुरणात आणि होडीत वाढलेल्या भाषेने डेन्मार्कच्या राजपुत्राचे स्वगत पेलून दाखविले. यापुढे तिच्या पतीविषयी साक्षीपुराव्याची गरज उरली नाही. १९८७ साली, १८ मे रोजी, तो मरण पावला. त्याच वर्षी गोव्यात राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले, हा योगायोग येथे नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

त्याच्या समकालीन हाइनेसेनने १९८१ साली एक गोष्ट केली, ती या संदर्भात आम्हांस वारंवार आठवते. नोबेल पारितोषिकासाठी त्याच्या नावाची चर्चा होती. त्याने स्वीडिश अकादमीला आपले नाव विचारात घेऊ नये असे कळविले. त्याचे म्हणणे असे, की फेरो बेटांच्या साहित्याचा सन्मान व्हायचा असेल तर तो फेरोइजमध्ये लिहिणाऱ्याचा व्हावा. आपण डॅनिशमध्ये लिहिले. तो स्वतः थोर लेखक होता. त्याच्या डॅनिश कादंबऱ्यांत त्याची बेटे जशी उजळून निघाली आहेत, तशी फार थोड्या प्रदेशांच्या वाट्याला आली असतील. त्याने डॅनिशमध्ये लिहिले यात कोणताही उणेपणा नव्हता. ती त्याच्या आईच्या घरची भाषा होती. तरीही आपण ज्या मातीतून पीक घेतले, तिच्या भाषेचे काही देणे आपल्याकडे राहिले आहे, असे त्याला वाटले. कोणतेही न्यायालय ते देणे वसूल करणार नव्हते. ते त्याने आपण होऊन फेडले. केटिलला ही गोष्ट पटकन समजली असती.

केटिलचे बिल शेवटी फिटते. कशाने फिटते, हे येथे सांगून वाचकाच्या आनंदावर जप्ती आणण्याची आमची इच्छा नाही. एवढेच म्हणतो, की कादंबरीचे शेवटचे पान मिटल्यावर, म्हातारा जिंकला की हरला याचा निकाल आम्हांस अजून देता आलेला नाही. बाप बरोबर होता असे म्हणावे, तर मुलांच्या गलबतांवाचून ही बेटे जगली नसती. मुले बरोबर होती असे म्हणावे, तर मग त्या वयस्क शेतकऱ्याने आमच्याकडून पावती का लिहून घेतली, हे सांगता येत नाही. दोन्ही पक्षांचे म्हणणे नीट नोंदवून घेणे हे काही वेळा निकालाहून मोलाचे असते, आणि ते काम या शेतीसल्लागाराने कोणाही न्यायाधीशापेक्षा अधिक धीराने केले आहे.

ही कादंबरी आपल्याकडे वाचायला मिळाली तर कोणत्या भाषेत मिळावी, याचाही विचार आमच्या मनात येतो. वही, बिल, लिलाव, थकबाकी यांचे शब्द मराठीजवळ मुबलक आहेत. कचेरीत मुरलेली ती भाषा आहे. पण होडी लोटणे, जाळे ओढणे, मासळी सुकविणे, वाऱ्याची जात ओळखणे यांचे शब्द कोंकणीजवळ जितके जिवंत आहेत तितके देशावरच्या मराठीजवळ कोठून असणार? केटिलचे घर कोंकणीत बोलेल आणि त्याचे बिल मराठीत येईल, असा एक विचार सुचतो आणि हसू येते. ज्यांना या दोन्ही भाषा येतात अशा वाचकांपैकी कोणी हे मनावर घेतले, तर कोर्टाच्या कागदांच्या भाषेपुरती मदत करायला आम्ही आनंदाने तयार आहोत.